तिसऱ्या वावराची पाळी

सोमवारी अकोल्याहून अमरावतीला निघालेल्या सकाळच्या बसमध्ये एक देखणा मुलगा संत्र्याशी बोलत होता.

हो, संत्र्याशीच! मांडीवर लॅपटॉप, डाव्या तळहातावर गोल गरगरीत संत्रं, आणि तोंड अखंड चालू – "पाय, पयल्या वावराले अर्धा घंटा पाणी. मंग दुसऱ्याले. मंग तिसऱ्याले. इथपर्यंत समजलं नं तुले?"

संत्रं काही बोललं नाही. पलीकडच्या सीटवरच्या आजींनी मात्र आपली पिशवी जवळ ओढून घेतली.

खिडकीशी बसलेल्या वर्षालीला हसू आवरेना. ती स्वतः प्रोग्रामर, त्यामुळे हा प्रकार तिला माहीत होता. कोड अडला की काही जण एखादं खेळणं समोर ठेवतात आणि त्याला ओळ न् ओळ समजावून सांगतात. सांगता सांगता आपली चूक आपल्यालाच दिसते. पण वऱ्हाडीत? आणि संत्र्याला?

"ते उत्तर देणार आहे का?" तिनं विचारलंच.

त्यानं मान वळवली. आणि बाई गं… ते डोळे! नुकतंच काहीतरी सापडल्यासारखे.

"नाही. म्हणूनच तर आणलं," तो म्हणाला. "आधी एआयले विचारलं होतं. तो म्हणते, 'फारच छान प्रश्न!' अन् ठासून चुकीचं उत्तर देते. संत्रं बिचारं चूप तरी राहते."

"मग मले सांगा. मी बी चूप राहीन."

"तुमी?" त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. "तुमचे डोळे काही चूप राहणारे दिसत नाहीत."

वर्षालीनं घाईघाईनं खिडकीबाहेर पाहिलं. मूर्तिजापूर अजून यायचं होतं आणि कान मात्र आताच तापले होते!

त्याचं नाव अद्वैत. वडील अकोल्यात वकील. पुण्यातल्या कंपनीनं एका सकाळी व्हिडिओ कॉलवर चाळीस जणांना एकदम घरी पाठवलं, त्यात हा एक. त्यानंतर अकरा मुलाखती झाल्या होत्या. "त्यातल्या सहा तर मशीननंच घेतल्या. समोर माणूसच नाही! मी कॅमेऱ्याले नमस्कार करून राहिलो अन् तो मले म्हणते, उजेडात बसा." तो हसला, पण हसू अर्ध्यावरच विझलं. "आज बारावी. हा त्यांनी घरी सोडवायले दिलेला प्रश्न."

त्यानं लॅपटॉप तिच्याकडे वळवला. एक मोटर, तीन वावरं, म्हणजे शेतं. प्रत्येकाला अर्ध्या तासाची पाळी. पाणी आपोआप सोडायचा प्रोग्राम लिहा.

वर्षालीनं पुन्हा एकदा वाचलं. हा प्रश्न तर तिनंच लिहिला होता! आणि आजची मुलाखतही तीच घेणार होती.

"प्रॉब्लेम काय हाय," तो अगदी रंगात येऊन सांगत होता, "यांचा प्रश्न नुसतं घड्याळ पाह्यते. तिसऱ्याच्या पाळीत लाईन गेली तर? पाणी बंद, पण घड्याळ चालूच! लाईन येईपर्यंत पाळी संपलेली. तिसरं वावर कोरडंच. मले तर वाटते, ज्यानं प्रश्न लिहिला त्यानं कधी लाईन गेलेली पाह्यलीच नाही."

वर्षालीनं पाहिली नव्हती? हिवरखेडच्या कास्तकाराची पोर ती! पण याच हिशेबानं लिहिलेला आपला प्रोग्राम तिनं तपासला होता अमरावतीच्या ऑफिसात, आणि तिथं इन्व्हर्टर होता. तिथं वीज कधी जायचीच नाही. तोच प्रोग्राम आज चाळीस गावांत पाणी सोडत होता. गावचे सूर्यभानकाका दोन महिन्यांपासून म्हणत होते, "पोरी, आमच्या वावराले पाणी भेटत नाही." आणि तिनं मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, काका, सॉफ्टवेअर चुकत नसते.

"तुमी खरंच चूप झाल्या," अद्वैत म्हणाला. बस अमरावतीच्या स्टँडात शिरत होती. "नाव तरी सांगा नं."

"सांगीन… अकरा वाजता," ती म्हणाली आणि उतरून गेलीसुद्धा.

अकरा वाजता तो ऑफिसच्या दारात उभा राहिला आणि तिला टेबलामागे बघून जागच्या जागी थिजला.

"बसा," वर्षाली म्हणाली. आवाज अगदी ठणठणीत. शेजारी मालक शेखर सर होते. "प्रश्नात काही चूक दिसली?"

आता गोड बोलून सुटणं किती सोपं होतं! नोकरी समोर होती, बारावी मुलाखत होती. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा सरांकडे… "हो मॅडम. प्रश्नच चुकला हाय."

"अबे पोट्ट्या!" शेखर सर उडालेच. "प्रश्न हिनंच लिहिला नं!"

"त्यांचं बरोबर आहे, सर," वर्षाली म्हणाली. "चूक माझी आहे. आणि ती प्रश्नात नाही फक्त, आपल्या चालू प्रोग्राममध्ये आहे."

या कंपनीत रीत अशी, की उमेदवारानं सोबत बसून सहा दिवस काम करायचं आणि शनिवारी निकाल. अद्वैतला काम मिळालं – हीच चूक दुरुस्त करायची. तो कोड पाठवी, वर्षाली तो तपासून बाजूला शेरे लिही. 'ही ओळ समजत नाही.' तो उत्तर देई, 'बदलली.' 'इतकी घाई कशाची?' यावर मात्र उत्तर आलं, 'सहाच दिवस आहेत नं…'

तिनं काहीतरी लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं.

समोरच्या टेबलावरून आवाज आला, "दोनदा लिहून खोडलं तुमी. तुमी टाइप केलं की मले इकडं टिंबं नाचताना दिसतात."

"काम करा!" ती ओरडली. आणि कीबोर्डवर वाकून खूप वेळ हसत राहिली.

शुक्रवारी दोघं हिवरखेडला गेले. सूर्यभानकाकांच्या वावरात उन्हाळी भुईमूग माना टाकून उभा होता.

"काका, माझंच चुकलं होतं," वर्षाली म्हणाली.

"मंग मी दोन महिने काय सांगून राहिलो होतो वं पोरी?"

तिसऱ्या वावराची, म्हणजे काकांच्याच वावराची, पाळी सुरू होताच अद्वैतनं लाईन गेल्यासारखं करायला मोटरचा मेन स्विच ओढला. अर्धा तास नुसतं ऊन. जुना प्रोग्राम असता तर आता पाळी संपली असती. त्यानं स्विच वर केला.

काहीच झालं नाही. एक क्षण… दोन… अद्वैतचा चेहरा उतरू लागला.

आणि मग जमिनीखालून घरघर आली, पाइप थरथरले, आणि फस्सकन सगळे तुषार एकदम उडाले! त्या टोकापासून या टोकापर्यंत, उन्हात, पाणीच पाणी. काकांनी टोपी काढून हातात धरली आणि ते तसेच भिजत उभे राहिले. वर्षाली तर बघतच राहिली. एक ओळ. मंगळवारी चहा पिता पिता त्यानं लिहिलेली, लाईन गेली की पाळीचं घड्याळही थांबवणारी एवढीशी एक ओळ, आणि इथं तहानलेली माती काळीभोर होत चालली होती! चार वर्षं ती हे काम करत होती. पण आपल्या बोटांतून पाणी निघतं, हे तिला आज पहिल्यांदा दिसत होतं. वळली तर अद्वैतही तसाच, तोंड उघडं, पापण्यांवर थेंब.

"असं असते का हे?" तो हळूच म्हणाला. "पुण्यात मी तीन वर्षं बटनांचे रंग बदलत होतो, वर्षाली."

मॅडम नाही. वर्षाली.

शनिवारी शेखर सरांनी तिला आणि आरतीला केबिनमध्ये बोलावलं. आरती त्यांची दुसरी सीनियर. "वर्षाली, तू हो म्हण. मी लगेच पत्र काढतो."

हो! तिला ओरडून म्हणायचं होतं, हो! पण हा हो कोडसाठी होता, की त्या डोळ्यांसाठी? तिचं तिलाच सांगता येईना.

"माझं मत धरू नका, सर."

"काहून?"

"मला… तो आवडतो." बोलून गेली! "आरतीनं तपासावं. त्याला वाटायला नको की कुणाच्या मेहरबानीनं मिळालं."

आरतीच्या भुवया पार कपाळात गेल्या. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आरती, तू पाय मंग," एवढंच म्हणाले.

आरतीनं तासभर एकेक ओळ वाचली. मग अद्वैतला आत बोलावलं. तो बाहेर आला तेव्हा हातात नेमणुकीचं पत्र होतं, आणि चेहरा पडलेला. जिन्यात वर्षाली उभी होती.

"यावर सरांची सही आहे, आरती मॅडमची आहे. तुमची नाही," तो म्हणाला. "काम पसंत नाही पडलं का?"

"मला तपासता येईना."

"काहून?"

"चूक शोधायला बसले की… दिसायचीच नाही."

"कोडात?"

वर्षालीनं मान वर केली. कुणाला काही सांगायला तिला इतकं धैर्य कधी लागलं नव्हतं, आणि इतकं सोपंही कधी वाटलं नव्हतं.

"तुमच्यात."

खाली रस्त्यावर ऑटोवाले चौकाचं नाव घेऊन ओरडत होते, "राजकमल! राजकमल!" पत्राची घडी अद्वैतनं दोनदा उलगडली, दोनदा मिटली.

"हे मले सोमवारीच सांगाले काय झालं होतं?" शेवटी तो म्हणाला. "पाच दिवस फुकट घालवले नं आपण!"