कोरडं फडकं

हे खरं आहे. मी स्वतः तिथे होते.

मी नव्वदी ओलांडली आहे. या वयात तुम्हाला घाबरवून मला काय मिळणार? खोटं वाटलं तर खुशाल दुसरी गोष्ट वाचायला घ्या, मला राग नाही.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर १९५२. हॅलोमासची, म्हणजे हॅलोविनची संध्याकाळ. शेटलंड बेटांवरचं आमचं स्कारवो गाव. आमचं घर अगदी टोकाला. घरापुढे दगडी कुंपण आणि कुंपणापुढे समुद्र.

इतकी वर्षं मी याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. पण मागच्या महिन्यात मी तो फोटो पाहिला...

गावच्या सभागृहात जुन्या फोटोंचं प्रदर्शन लागलं होतं. माझी नात फ्रेया मला चाकाच्या खुर्चीतून घेऊन गेली. कोणी मेंढ्या भादरतंय, कोणी ओट्सची कापणी करतंय, पाठीवर टोपली घेतलेल्या बायका चालता चालता विणतायत. आणि एका भिंतीवर आमचे स्केकलर, हॅलोमासला सोंग घेऊन घरोघर नाचायला जाणारे. अंगात पेंढ्याचे झगे, डोक्यावर पेंढ्याचे उंच टोप, टोपांना रिबिनी, तोंडावर पांढरं फडकं. बोटीने फिरायला आलेली मंडळी त्यांच्याकडे बघून "बाप रे, भुतं!" म्हणून हसत होती.

भुतं कसली डोंबलाची! पोट सुटलेला होता तो गिबी, सारंगी वाजवणारा. त्याच्या शेजारी टॅमस, ज्याच्याबरोबर मी पुढे उभा जन्म संसार केला.

फोटोखाली प्रत्येकाचं नाव लिहिलं होतं.

फक्त शेवटच्या उंच माणसाचं नव्हतं...

लॉरी माझा थोरला भाऊ. त्या वर्षी मे महिन्यात तो मासेमारीच्या बोटीवर गेला आणि परत आला नाही. बोटीच्या फळ्या किनाऱ्याला लागल्या. माणसं लागली नाहीत.

जाताना तो दारातून ओरडला होता, "ऑस्ले, तुझ्या लग्नात पहिला नाच टॅमसचा नाही हं, माझा! लाल रिबीन घेऊन येतो. ती बांधल्याशिवाय नाचायचं नाही."

"आधी पाय धुवायला शिक, मग नाच," मी म्हटलं.

तेच आमचं शेवटचं बोलणं. माझं लग्न नोव्हेंबरात होणार होतं.

लॉरी गेल्यापासून आई बोलायची कमी आणि विणायची जास्त. चुलीपाशी बसून नुसत्या सुया चालवायची. टक टक टक. मला तो आवाज नकोसा व्हायचा, पण थांबला की जास्त भीती वाटायची.

त्या संध्याकाळी अंगणात गलका झाला. स्केकलर आले होते. शाळेच्या जेमिसन बाईंनी नवा कॅमेरा घेतला होता. उजेड जायच्या आत फोटो काढायची त्यांची धडपड चालली होती. "हलू नका रे मेल्यांनो!" त्या ओरडत होत्या. मी खिडकीत दिवा ठेवत होते. फोटो निघाला. बाई घाईघाईने पुढच्या घरी गेल्या आणि स्केकलर आत आले.

आमच्याकडे लहान पोरालाही नियम ठाऊक असतात. स्केकलर श्वास आत ओढत बोलतो, म्हणजे आवाज ओळखू येत नाही. घरच्यांनी त्याचं नाव ओळखायचं. बरोबर आलं की त्याने फडकं वर करायचं आणि ज्याने नाव घेतलं त्याच्याशीच नाचायचं. नाही ओळखलं, तर तो घरातल्या कोणालाही नाचायला उठवू शकतो. मग त्याला नाही म्हणता येत नाही.

आणि समुद्राने नेलेल्या माणसाचं नाव हॅलोमासला कोणी घेत नाही. हे कोणी शिकवत नाही. नुसतं घेत नाहीत.

"हा गिबी!" मी म्हटलं. "एवढं पोट गावात दुसऱ्या कोणाचं आहे?"

गिबीने फडकं वर केलं. "तुझ्याच आईने मटण घालून वाढवलंय ते! आता नावं ठेवतेस होय?"

टॅमसला मी मोज्यांवरून ओळखलं. मीच विणले होते. सगळे हसले. मग आम्ही नाचलो, माझा पाय त्याच्या बुटाखाली आला, परत सगळे हसले.

राहिला एकच. दाराजवळचा, उंच.

मी नावं घेत गेले. गावातली संपली, मग पलीकडच्या गावातली घेतली. प्रत्येक नावाला तो 'नाही' अशी मान हलवायचा. पेंढा सळसळायचा... आणि मग श्वास आत ओढल्याचा आवाज यायचा.

"तुमच्यातलाच कोणीतरी ना हा?" मी टॅमसला हळूच विचारलं.

"नाही गं. आम्ही निघालो तेव्हा नव्हता. तुमच्या कुंपणापाशी येऊन मिळाला."

कुंपणापाशी... म्हणजे समुद्राच्या बाजूने.

तेव्हा माझं लक्ष त्याच्या फडक्याकडे गेलं.

गिबीच्या आणि टॅमसच्या फडक्यांवर तोंडापाशी ओला डाग होता. श्वासाने होतोच तो. थंडीत तर जास्तच.

याचं फडकं... कोरडं होतं.

ते आत ओढलं जायचं, ओठांना चिकटायचं. बाहेर फुगायचं नाही. तो श्वास नुसता आत घेत होता. मी वाट बघत राहिले, आता सोडेल, आता सोडेल.

सोडला नाही.

खिडकीतल्या दिव्याची ज्योत त्याच्याकडे झुकली होती. दार तर बंद होतं.

त्याने एक पाऊल पुढे टाकलं. पेंढ्याच्या आत कुठेतरी हात हलला. आणि...

आईच्या सुया थांबल्या.

ती उठली. माझ्या आणि त्याच्या मधे येऊन उभी राहिली. मला फक्त तिची पाठ दिसत होती.

"लॉरी," ती म्हणाली.

"काकू!" गिबी ओरडला. "अहो, नाव कसलं घेताय! आज? भलतंच काय!"

उंच आकृतीने मान हलवली नाही. हात फडक्याकडे नेला.

"राहू दे, बाळा," आई म्हणाली. "मला दिसतंय."

मग वळून न बघताच तिने हुकूम सोडला. "गिबी, वाजव."

"काकू, मी नाही..."

"वाजव म्हणते ना! मी नाव घेतलंय."

गिबीने वाजवलं. सूर कुठल्या कुठे जात होते. आई नाचली. लाकडी जमिनीवर तिच्या बुटांचा आवाज येत होता...

फक्त तिच्याच.

मी पुढे धावले, तर टॅमसने मला दोन्ही हातांनी धरून ठेवलं. नाच फिरत फिरत दारापाशी गेला. मला वाटलं, गेली. माझी आई गेली. मी किंचाळले बहुतेक.

दार उघडलं. तो बाहेर पडला. आमच्या अंगणात गोटे पसरलेले, त्यावरून मांजर गेलं तरी कळतं. काहीच वाजलं नाही.

आई उंबरठ्याच्या आत उभी होती. तिच्या मनगटाला एक ओली रिबीन बांधलेली होती. मला वाटलं, त्याच्या टोपाची असेल.

दुसऱ्या दिवशी कडाक्याची थंडी पडली. आम्ही दोघी गाईचं दूध काढायला गेलो. माझ्या तोंडातून वाफ निघत होती. गाईच्या नाकातूनही निघत होती.

आईच्या तोंडातून... काही निघत नव्हतं.

त्यानंतर ती बोलली ते श्वास आत ओढत. एकेक शब्द, कसाबसा. माझ्या लग्नात ती भिंतीला टेकून बसली होती. पहिला नाच मी टॅमसशी नाचले, तेव्हा तिने डोळे पुसले. जानेवारीत ती गेली. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं. रिबीन तिने कोणाला सोडू दिली नाही, तशीच तिच्याबरोबर गेली.

सगळं गाव म्हणालं की पोराच्या दुःखाने तिच्या तोंडून नाव निसटलं. मीही तेच मानलं. खरं सांगते, मला तिचा फार राग यायचा. गेलेल्या मुलासाठी तिने जीव घालवला. मग मी तिची कोण होते?

इतकी वर्षं मी हाच राग धरून होते.

जेमिसन बाई पुढे मुख्य बेटावर गेल्या. त्यांच्या भाच्यांना फोटोंच्या जुन्या निगेटिव्हची पेटी सापडली, म्हणून हे फोटो आले. तो फोटो भिंतभर मोठा केला होता. फ्रेयाने मला अगदी जवळ नेलं.

सगळे स्केकलर कॅमेऱ्याकडे बघतायत.

शेवटचा नाही...

तो आमच्या खिडकीकडे बघतोय. खिडकीत दिवा आहे. दिव्यामागे माझा चेहरा आहे.

त्याचा हात पुढे आलेला आहे. नाचायला बोलावताना करतात तसा. आणि हातातून एक लांब रिबीन लोंबतेय.

तो आईसाठी आलाच नव्हता.

आणि आईने हे घरात ओळखलं. माझ्यापुढे उभी राहिली तेव्हा तो हात फक्त तिला दिसत होता. म्हणून तिने नाव घेतलं. नाव घेतलं की तिच्याशीच नाचावं लागणार होतं, माझ्याशी नाही.

मी तिथे सगळ्यांदेखत मोठ्याने रडले. फ्रेयाला वाटलं, मला टॅमसची आठवण आली.

"आजी, ती खिडकीतली तू आहेस?" तिने विचारलं. "अगं, अगदी मी आहे ती!"

खरं आहे. फ्रेया हुबेहूब माझ्यासारखी दिसते. पुढच्या महिन्यात तिचं लग्न आहे.

त्या दिवसापासून संध्याकाळ झाली की माझ्या खिडकीबाहेर कोणीतरी श्वास आत ओढतं...

सोडत नाही.

"वारा आहे, आजी," फ्रेया म्हणते. तिचं लक्ष कुठे? तिने आणि तिच्या मित्रांनी पेंढ्याचे झगे विणलेत. येत्या शनिवारी हॅलोमासला आमच्या घरी स्केकलर येणार आहेत. गावात पोरं भलतीच खुश आहेत.

काल दुपारी ती बाहेरून हसत आली.

"आजी, बघ ना, दाराच्या कडीला कोणीतरी हे बांधून गेलंय. लग्नाची भेट असेल का गं? किती सुंदर लाल आहे!"

ती रिबीन ती केसांत बांधायला निघाली होती. मी तिच्या हातातून ओढून घेतली. फ्रेया रुसली. रुसू दे.

आता ती माझ्या मनगटाला आहे. रात्रभर शेगडीजवळ बसून होते, तरी ती अजून वाळलेली नाही.

पायांनी मला नीट उभंही राहता येत नाही. पण नाव घेता येतं.