उणे पंचवीस

गॅरेजमध्ये त्याला सगळे डॉक्टर म्हणत. पदवी कसली नव्हती, पण वायरिंग तपासताना तो भुवया जवळ आणायचा आणि गिऱ्हाइकाला अर्धवट बोलून घाबरवायचा, म्हणून नाव चिकटलं ते चिकटलंच. भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता. गाडीला रोग दोनच, असं तो सांगे: एक तर तार तुटलेली असते, नाही तर मालक खोटं बोलत असतो.

त्या सकाळी आलेली बाई खोटं बोलणारी वाटत नव्हती. वय चाळिशीचं, शाळेचे गणवेश शिवून द्यायचा धंदा, मागच्या सीटवर निळ्या कापडाचे गठ्ठे. तक्रार साधी होती. शेजारची सीट रिकामी असली तरी महिनाभर गाडी टुंगटुंग करून तिथला पट्टा लावायला सांगत होती. शेवटी कंटाळून बाई रिकाम्या सीटला पट्टा बांधूनच फिरू लागली होती. आवाज घालवा, पण सीट जागची हलवू नका, एवढं बजावून ती चारला येते म्हणून गेली.

अशा सीटच्या गादीखाली वजन ओळखणारा पातळ सेन्सर असतो. पंचवीस किलोच्या आत काही ठेवलं तर गाडी त्याला सामान समजते आणि गप्प बसते. त्यावर गेलं की माणूस समजते आणि पट्टा मागते. डॉक्टरने स्कॅनर जोडला. सीटवर चिटपाखरू नव्हतं. आकडा आला २५.६.

त्याने जोडणी साफ केली, तार टोकापासून टोकापर्यंत तपासली, गादी उचलून नवा सेन्सर घातला. २५.६. मग तो स्वतः बसून बघायला गेला. त्याचं वजन नेमकं बहात्तर. स्कॅनरने ९७.६ दाखवलं. म्हणजे सेन्सर ठणठणीत होता. गाडी सकाळपासून सावलीत उभी होती, तरी गादी कोमट लागली. बसल्यावर त्याला उगाचच एका कडेला सरकावंसं वाटलं, आणि आपण सरकलो हे कळताच तो झटकन उतरला.

आता राहिला शेवटचा उपाय. स्कॅनरवरून सीटला सांगायचं की आत्ता आहे तेच शून्य धर. याचा नियम एकच: त्या वेळी सीट रिकामी हवी, फडकंसुद्धा नको. हा नियम डॉक्टर स्वतः सगळ्यांना घोकायला लावायचा. पण आपल्या डोळ्यांना सीट रिकामी दिसत असताना मशीनचं काय ऐकायचं, असं म्हणून त्याने बटण दाबलं. आकडा ०.० झाला. टुंगटुंग थांबली. त्याला बरं वाटलं, पण भूक म्हणावी तशी लागली नाही.

जेवण तो नेहमी अंगणात, स्वतःच्या गाडीत बसून करायचा. डबा काढायला उघडलेलं पलीकडचं दार जेवण होईपर्यंत उघडंच राहिलं.

परत येऊन त्याने कामाचा कागद भरण्यासाठी बाईच्या गाडीतली फाईल काढली. दरवर्षीच्या तपासणीचे कागद एकाखाली एक लावलेले होते. प्रत्येकावर कोणीतरी सीटचा आकडा लिहून पुढे शेरा मारला होता: किरकोळ फरक, दुर्लक्ष करावे. गाडी नवी असताना, पहिल्या महिन्यात ३.१. मग ९.८, १२.३, १४.५. डॉक्टर उभा होता तो खाली बसला. मागच्या वर्षी २३.२.

चारला बाई आली तेव्हा फाईल त्याच्या मांडीवर तशीच उघडी होती. त्याने विचारलं, या सीटवर कोण बसायचं. कोणीच नाही, ती म्हणाली, बसू देत नाही. तिने कागद हातात घेतले आणि मापाची वही वाचावी तशी आकड्यांवरून बोट फिरवत गेली. मागच्या वर्षीच्या आकड्यावर बोट थांबलं.

"आठ वर्षांपूर्वी दवाखान्यातून याच सीटवर बसून घरी आले, दादा," ती म्हणाली. "मांडी रिकामीच होती."

तिने कागद पुन्हा एकाखाली एक लावले.

"मी पोरांचे कपडे शिवते. हे आकडे मला कळतात." तिने डोळे पुसले. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. "वाढतोय तो. आत्ता किती आहे?"

स्कॅनर अजून जोडलेला होता. दोघांनी एकदमच पाहिलं. पडद्यावर उणे २५.६ होतं.

"उणे म्हणजे?"

खोटं बोलावंसं डॉक्टरला फार वाटलं. "मी शून्य केलं तेव्हा बसलेला होता," तो म्हणाला. "आता उठून गेलाय."

बाईने शेजारचं दार उघडलं आणि ते धरून उभी राहिली. हाक मारायला नाव नव्हतं, ठेवायची वेळच आली नव्हती. ती नुसती "ये," म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली. ऊन सरकत भिंतीवर चढलं. आकडा हलला नाही. आपण हे काय करून बसलो, असं डॉक्टरला वाटलं.

शेवटी तिने दार लोटलं. तिची गाडी बाहेर काढायची तर अंगणातली त्याची गाडी आडवी येत होती. तो जाऊन बसला आणि किल्ली फिरवली.

टुंग. टुंग. टुंग.

शेजारची सीट रिकामी होती. पलीकडच्या पट्ट्याचा दिवा लाल लुकलुकत होता.

त्याने सावकाश दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मान वळवली नाही.

"ताई," तो म्हणाला. "ताई, इकडे या."

ती आली. तिने पलीकडचं दार उघडलं आणि वाकली. त्याच्या गाडीचा आवाज थांबला.

आरशात त्याने तिला परत जाताना पाहिलं. ती नेहमीपेक्षा हळू चालत होती. उजवा हात अंगापासून जरा दूर, खाली, आणि मूठ अर्धवट मिटलेली.

आपली गाडी बाजूला घेऊन तो तिच्या गाडीतला स्कॅनर काढून आणायला गेला तेव्हा आकडा ०.० होता. पट्टा लावलेला होता.

गाडी फाटकाबाहेर वळल्यावर त्याने कामाच्या कागदाची गॅरेजची प्रत पुढे ओढली आणि उरलेला रकाना भरला: सीट रिकामी. तक्रार नाही.