फोटो काढला कोणी?

पिवळ्या कमानीखालचा स्वतःचा फोटो रेवानं स्क्रीनवर आणला, आणि नेमका तेव्हाच झूमच्या खालच्या चौकोनात तिला केदार दिसला.

चेहरा ओढलेला, गालांवर मास्कचे वळ... पण डोळे तेच, मिश्कील.

एप्रिल २०२१. आयर्लंड अजून कुलूपबंद, काउंटीबाहेर म्हणजे जिल्ह्याबाहेर जायलाही बंदी, म्हणून डब्लिनच्या मराठी मंडळींनी रविवारी दुपारी झूमवर गप्पा ठेवल्या होत्या. आजची पाहुणी डब्लिनच्याच ओंगार भागातली रेवा. विषय – ‘एकटीच! ग्वाटेमालातल्या अँटिग्वा शहरातला माझा पहिला दिवस’. गप्पांची लिंक दूर मलिंगार गावात केदारपर्यंत पोचेल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

खरं तर ती एकटी होती जेमतेम पहिली गल्लीभर. गेल्या वर्षी, फेब्रुवारीत. केशरी-निळ्या भिंती बघत दगडगोट्यांच्या रस्त्यावरून चालताना पाय मुरगळला, तोंडातून “आई गं!” निघालं, आणि मागून चक्क मराठीत कुणीतरी विचारलं, “लागलं का?”

तो केदार. मलिंगारच्या हॉस्पिटलमधला डॉक्टर, सुट्टीवर आलेला. घोटा बघायला म्हणून खाली बसला, तो संध्याकाळपर्यंत सोबतच राहिला. तिखट-लिंबू लावलेल्या आंब्याच्या फोडी दोघांनी एकाच पिशवीतून खाल्ल्या. जॅकरंडाचं जांभळं फूल तिच्या केसांत अडकलं, ते काढायला त्याचा हात पुढे आला आणि... तसाच मागे गेला. फोटो सगळे त्यानंच काढले.

“तिकडे परतल्यावर भेटशील?” त्यानं विचारलं होतं.

“बघू हं,” ती म्हणाली होती. मनात मात्र ‘हो’च होतं.

पण ‘एकटी जाणार? झेपेल का तुला?’ म्हणणाऱ्यांना दाखवून द्यायचं होतं ना! म्हणून परतल्यावर तिनं केदारला गोष्टीतून अलगद वगळलं. मग करोना आला. एका संध्याकाळी त्याचा मेसेज आला – ‘आज फार दमलोय. तुझा कमानीखालचा फोटो बघत बसलोय.’ भेटायचं तर लोकांना खरं सांगावं लागणार, या धास्तीनं रेवानं नुसता अंगठ्याचा इमोजी पाठवला. दमलेल्या माणसाला अंगठा! त्याची लाज तिला वर्षभर पुरली. पुन्हा लिहायचा धीर तिला झाला नाही, आणि त्यानंही लिहिलं नाही.

“लई धीट गं पोरी तू!” प्रभाकाकू म्हणाल्या. साताऱ्याहून लेकाकडे आलेल्या काकू विमानं बंद झाल्यापासून इथंच अडकल्या होत्या. “पर येक सांग. एकलीच व्हतीस, तर ह्यो फोटू काढला कुनी?”

रेवाच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“टायमर लावला असेल, काकू,” केदारनंच माइक सुरू केला. “येतं हल्ली तसं करता.”

तो तिला वाचवत होता! त्यानं चारचौघांत जाब विचारला असता तर परवडलं असतं. रेवाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“नाही काकू,” ती म्हणाली. “टायमर नव्हता. सगळे फोटो केदारनं काढलेत. दिवसभर तो माझ्याबरोबर होता, आणि... आणि दिवस छान गेला तो त्याच्यामुळेच. मी तुम्हा सगळ्यांशी खोटं बोलले.”

कुणीतरी खाकरलं. रेवानं बाकीच्या चौकोनांकडे पाहिलंच नाही.

“केदार... कसा आहेस तू?” एवढं विचारायला तिला वर्ष लागलं होतं.

“ग्रँड,” ‘मजेत’ म्हणायची ही इथली आयरिश तऱ्हा त्यानं अगदी तशीच उचलली होती.

“खरं सांग ना.”

“नव्हतो गं. फार वाईट गेलं वर्ष. तुझा तो अंगठा आला ना, तेव्हा तर...” मग तो हळूच हसला. “आत्ता मात्र खरंच ग्रँड आहे.”

“मला माफ—”

“ते समोरासमोर. काउंटी ओलांडू दिली की पहिल्या ट्रेननं येतो. स्टेशनवर येशील?”

“येईन,” रेवा म्हणाली. डोळे पुसता पुसता तिला हसू फुटलं. “एकटीच!”

“आरं, आमी समदी हितंच हाय म्हनलं!” प्रभाकाकू ओरडल्या. “जावा, भेटा. पर या टायमाला दोघांचा फोटू पायजे बरं का. त्यो कोन काढनार?”

“टायमर लावू, काकू,” दोघं एकदमच म्हणाले.