खापरचा दोन फुटी समुद्र

"अजून ढवळ! तळाशी मीठ दिसतंय बघ!"

"तासभर ढवळतोय मी! हात गळून पडेल आता!" धर्मेंद्र ओरडला.

"पडला तर बादलीत पाडू नकोस, पाणी खराब होईल," ममता म्हणाली आणि निशाला फिस्सकन हसू आलं.

तीन महिन्यांत ती पहिल्यांदाच हसली होती. हसल्यावर लगेच तिला कसंसंच झालं.

आता ही तिघं भर एप्रिलात, परीक्षा संपल्या संपल्या, खापर गावच्या बाजारामागच्या त्या घरात बादलीत मीठ का कालवत होती, ते आधी सांगतो. निशा सातवीतली. धर्मेंद्र तिच्या काकांचा मुलगा, ममता शेजारची. आणि निशाचा मोठा भाऊ गोवाल सुरतेला माशांच्या टाक्यांच्या दुकानात कामाला होता. "निशे, होळीला येताना तुझ्यासाठी समुद्र घेऊन येतो!" असं तो फोनवर म्हणाला होता. खापरमध्ये समुद्र! तिने तेव्हा त्याला वेड्यात काढलं होतं. मग पौषात आठ दिवसांच्या तापात गोवालच गेला. होळी त्याच्याविना झाली. परीक्षेच्या आठवड्यात शेठने त्याचं राहिलेलं सामान टेम्पोने धाडलं: कपड्यांची पिशवी, दोन फूट लांब काचेची टाकी, पंप, समुद्री मिठाच्या दोन पिशव्या, खारटपणा मोजायची काट्याची डबी, पाणी तपासायची बाटली आणि तिचं औषध, ओल्या कागदात गुंडाळलेले भोकाभोकांचे दगड आणि एक शंभर पानी वही.

वहीच्या पहिल्याच पानावर गोवालचं गिचमिड अक्षर होतं. "निशा, घाई करू नकोस. नवशिके घाईनेच मासे मारतात."

ते वाक्य निशाने इतक्यांदा वाचलं की पानाचा कोपरा मऊ पडला. दुसरं काही तिला हवंच नव्हतं. गोवालने जे लावायचं ठरवलं होतं ते लागलं पाहिजे आणि जगलं पाहिजे, बस्स!

वहीत सगळं होतं. बोअरचं पाणी नको, जारचं घे. स्वयंपाकाचं मीठ मुळीच नको. काट्याच्या डबीत पाणी भरून बघ, काटा हिरव्या पट्ट्यात आला की खारटपणा बरोबर. उन्हाने पाणी आटेल, तेव्हा वरून साधं पाणी घाल, मीठ घालू नकोस, कारण पाणी उडतं, मीठ मागे राहतं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, टाकी भरून महिनाभर नुसते दगड बघत बसायचं! दगडांवर बारीक जिवाणू वाढतात, माशांची घाण तेच खातात. ते वाढले नाहीत तोवर मासा आणायचा नाही.

महिनाभर अख्खी गल्ली टाकी बघायला लोटली. समोर पंक्चरचं दुकान चालवणारे भटूकाका तर रोज यायचे.

"मासा कोठे शे?"

"महिन्याने येईल, काका."

"मंग आते काय दखानं? दगडं?" असं म्हणून ते टाकीत बोट बुडवायचे आणि चोखायचे. "अरे, खरंच खारं शे!" जसं काही काल गोड होतं!

महिना सरला. तपासायच्या बाटलीत पाण्यावर औषधाचे थेंब टाकले की रंग पिवळा येऊ लागला. पिवळा म्हणजे ठीक, हिरवा म्हणजे विष. शेठला फोन गेला आणि दुसऱ्या दिवशी ओळखीच्या ड्रायव्हरच्या हाती हवा भरलेल्या पिशवीत दोन मासे आले. केशरी अंगावर पांढरे पट्टे!

"बेटा, नीट सांभाळ," शेठ फोनवर म्हणाले. "नखाएवढे होते तेव्हापासून ही जोडी गोवालने वाढवली. बहिणीसाठी म्हणून वेगळी ठेवली होती. त्याच्या हातचे आता एवढेच."

काठी गावच्या होळीत अंगावर पांढरे पट्टे-ठिपके काढून नाचतात ते बुध्या. गेल्याच्या गेल्या वर्षी गोवालही नाचला होता. म्हणून मोठ्या माशाचं नाव बुध्या ठरलं आणि धाकटीचं त्याच होळीतल्या दुसऱ्या सोंगावरून मोरखी.

निशाची आई, फुलीबाई, पदराला हात पुसत आली. गोवालला पोचवून आल्यापासून तिने एक टिपूस गाळलं नव्हतं. काम करायची, विचारलं तर बोलायची, अर्धी भाकर खाऊन उठायची, एवढंच. या घरात भिली बोलतात, पण ती तुम्हाला कळायची नाही म्हणून मी मराठीत सांगतो.

"हे त्याने वाढवले?" तिने विचारलं.

"हो, आई. त्याच्या हाताने."

ती काचेपाशी बसली ती चुलीवरची डाळ करपेपर्यंत उठली नाही.

आणि चौथ्या दिवशी सकाळी मोरखी पाण्यावर आडवी तरंगत होती.

निशाने तिला तळहातावर घेतलं आणि ती ढसाढसा रडली. मासा तो केवढा, पण गोवाल पुन्हा एकदा गेला असं तिला वाटलं. परसातल्या कडुनिंबाखाली तिघांनी मोरखीला पुरलं. मग धर्मेंद्रने पाणी तपासलं आणि तो किंचाळला.

"हिरवं! निशाताई, हिरवंगार!"

"कसं होईल? चिमूटभर तर खायला घालतो आपण!"

"कोणीतरी पाण्यात काहीतरी घालतंय," ममता डोळे बारीक करून म्हणाली. तेवढ्यात भटूकाका आले, चाकाच्या ऑईलने काळं झालेलं बोट पुढे करून! तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. चोर सापडला!

त्याच दुपारी ममताने टाकीवर काचेचं झाकण ठेवलं, झाकणावर दगड ठेवला. बाहेर स्टुलावर खाऱ्या पाण्याचा पेला आणि पाटी: "समुद्र येथे चाखावा. बोट धुऊन!"

भटूकाकांनी पाटी वाचली, मग स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पडला.

"मन्ही चूक शे, पोरी," ते हळूच म्हणाले. "मी जनममा समुद्र दखा नही. रोज वाटे, आज चाखू."

निशाला त्यांचं वाईट वाटलं, पण सुटल्यासारखंही वाटलं. गुन्हेगार सापडला होता ना, आता पाणी आपोआप सुधारेल! आणखी दोन दिवस गेले. पेल्यातलं पाणी कमी झालं, झाकण जागच्या जागी होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी तपासलं.

हिरवं. आधीपेक्षाही हिरवं!

बुध्या कोपऱ्यात तोंड वर करून धापा टाकत होता. धर्मेंद्रने मोबाईलची बत्ती दगडांमागे मारली.

"तिथे काहीतरी आहे. पांढरं, बुळबुळीत."

निशाने लांब चिमट्याने तो गोळा बाहेर ओढला. वास असा आला की ममताने नाक दाबलं. निशाने बोटांनी कुस्करून पाहिलं. ज्वारीची भाकर! एक तुकडा नव्हे, पाच-सहा. काही ताजे, काही पार सडलेले.

"भटूकाका नाहीत मग," धर्मेंद्र म्हणाला. "दगड उचलून, झाकण सरकवून कोण घालतं?"

"भाकर आहे म्हणजे जेवणाच्या वेळी," ममता म्हणाली. "आपण दुपारी माझ्याकडे असतो तेव्हा! आज जायचंच नाही."

बारा वाजता "ममताकडे चाललो गं!" असं मोठ्याने ओरडून तिघं पुढच्या दाराने बाहेर पडली आणि मागच्या दाराने आत शिरून धान्याच्या कणगीमागे बसली. धर्मेंद्रला शिंक येत होती. ममताने त्याचं नाक चिमटीत धरून ठेवलं.

पावलं वाजली. हातात ताट घेऊन आली ती फुलीबाई.

तिने झाकणावरचा दगड हलकेच खाली ठेवला, काच सरकवली. भाकरीचा पहिला घास मोडला, डाळीत न बुडवता कोरडाच, आणि पाण्यात सोडला.

"घे, गोवाल," ती म्हणाली. "जेव, बेटा. आज गरम आहे."

 निशाला सगळं एकदम कळलं. घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावाने पहिला घास काढायचा, ही त्यांच्या घरची रीतच. आई इतके दिवस तो चुलीपाशी पानावर ठेवायची. मासे आल्यापासून चुलीपाशी पान दिसलं नव्हतं, हे निशाच्या लक्षातच आलं नव्हतं. एवढी वही पाठ केली, पण चुलीकडे पाहिलं नाही!

आई ताट घेऊन गेली तशी धर्मेंद्र कुजबुजला, "काकूंना सांगायला हवं."

"काय सांगू? मोरखीला तूच मारलंस म्हणून सांगू?" निशाचा आवाज फुटला. "आधी बुध्याला वाचवू. चला!"

दुसऱ्या पिशवीत बादलीभर पाण्यापुरतंच मीठ उरलं होतं. पण जारचं पाणी कुठे होतं? जार भरून देणारे मगनशेठ दार लावून घोरत होते. ममताने दार बडवलं, धर्मेंद्रने खिडकीतून हाका मारल्या. आतून उत्तर आलं, "चार वाजता या!"

"चारपर्यंत तो मरेल!" निशा रडकुंडीला आली.

रस्त्यापलीकडून भटूकाकांनी हे पाहिलं. त्यांनी काही विचारलं नाही. दुकानातला स्वतःसाठी घेतलेला, सील न फोडलेला जार खांद्यावर उचलला आणि मुलांआधी घरात पोचले. त्यांनी हात साबणाने दोनदा धुतले, मगच बादलीला लावले.

वीज गेली होती. चौघांनी पाळीपाळीने पाणी ढवळलं. काटा हिरव्या पट्ट्यात आल्यावर निशाने नळी लावून टाकीतलं तेवढंच घाण पाणी काढलं, दगडांमागचा चिखल ओढला आणि नवं पाणी वाटीवाटीने सोडलं. पंप बंद होता म्हणून धर्मेंद्र पेल्याने पाणी उपसून वरून ओतत राहिला. हवा मिसळावी म्हणून. हात गळून पडेल असं तो एकदाही म्हणाला नाही.

साडेपाचला बुध्या कोपरा सोडून दगडापर्यंत आला. संध्याकाळी बाटलीतला रंग पोपटी झाला होता, पिवळ्याकडे झुकलेला.

निशा वळली, तर मागे आई उभी होती. तिची नजर बादलीतल्या सडक्या भाकरीवर होती.

"ती मीच टाकलेली," फुलीबाई म्हणाली. "धाकटा मासा माझ्यामुळे मेला ना?"

नाही म्हणायचं निशाच्या ओठांवर आलं होतं. पण आईच्या डोळ्यांत बघून खोटं बोलता येईना.

"हो, आई. पण तुला माहीत नव्हतं. आणि मी तुला कधी वही वाचूनच दाखवली नाही."

फुलीबाई मटकन खाली बसली आणि पौषापासूनचं सगळं रडली. "पोर परगावी तापात पडलं, मी त्याच्या तोंडात घोटभर पेजही घालू शकले नाही," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. निशा तिला बिलगली. भटूकाका बाहेर ओट्यावर जाऊन तोंड फिरवून बसले.

शेतावरून आलेल्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि तिघांच्या पाठीवरून हात फिरवला. सुरतेचे शेठ फोनवर म्हणाले, "शाब्बास! नवशिक्याने अशी टाकी वाचवलेली मी पाहिली नाही. गोवाल असता तर नाचला असता!" धर्मेंद्र आणि ममता फुलून गेली. निशाला मात्र ती शाबासकी अपुरी वाटली, कारण तिला ती ज्याच्याकडून हवी होती तो नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई ताट घेऊन आली आणि टाकीपासून चार हात लांबच थांबली.

"मग आता त्याचा घास कुठे ठेवू?" तिने विचारलं.

निशाने तिला जवळ ओढलं. माशांच्या खाण्याची डबी उघडून चिमूटभर दाणे तिच्या तळहातावर ठेवले. "एवढाच, आई. रोज एकदा. हे काम आजपासून तुझं."

फुलीबाईने दाणे सोडले. बुध्या खालून सरळ वर आला, एकेक दाणा टिपला आणि पुन्हा दगडाकडे गेला. ती पाहत राहिली.

"जेवला," ती म्हणाली. मग ताट पुढे ओढून तिने स्वतः जेवायला घेतलं आणि त्या दिवशी पूर्ण भाकर खाल्ली.