दाराबाहेर राहिलेल्या चपला

आवटी सरांच्या उजव्या तळव्यावरची, अंगठ्याच्या मुळाशी झालेली जखम दोनदा पूर्ण भरली होती आणि दोनदा त्याच जागी परत उघडली होती. असे का व्हावे, हे मिरजेच्या पाऊल केंद्रात कुणालाच कळत नव्हते. केंद्रातला यंत्रमानव चाचप्या यालाही नाही, आणि न कळण्याची त्याला सवय नव्हती.

केंद्राच्या फाटकाशी जाईचे आप्पा, शिवराम व्हटकर, चपला दुरुस्त करायला बसत. सन २०४७ उजाडले तरी चपलांचे पट्टे तुटायचे थांबले नव्हते. शाळा सुटली की जाई तिथेच अभ्यासाला बसे.

त्या गुरुवारी आवटी सर ताठ चालत आले. तीस वर्षे खो-खो शिकवलेला माणूस.

"शिवराम, उजवा पट्टा सुटलाय बघ. तोवर आत जाऊन येतो. आज माझा निकाल आहे."

"कसला निकाल, सर?" जाईने विचारले.

"पायाचा अंगठा ठेवायचा की काढायचा. जखम खोल चाललीय म्हणे. पण दुखत तर काहीच नाही!" चपला तिथेच सोडून सर अनवाणी आत गेले.

आप्पांनी उजवी चप्पल उचलली. पट्ट्याकडे पाहण्याआधी सवयीने तिच्यावरून बोटे फिरवली. बोटे एके जागी थांबली. पुन्हा फिरवली, तर पुन्हा तिथेच.

"जाई, बघ गं. काय लागतंय?"

"ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी. टणक."

"कुणीतरी टाका घालून गाठ वरच्या अंगाला ठेवलीय. आणि तिथेच जखमेचा हा डाग बघ."

जाई विचारात पडली. "आप्पा, सर केंद्रात राहिले की जखम भरते. तेव्हा त्यांच्या चपला कुठे असतात?"

"बाहेर, फळीवर."

"आणि घरी गेले की परत उघडते!"

आप्पा झटकन उठले, पण फाटकातच थबकले. "आत एवढे मोठे डॉक्टर. चपला हातात घेऊन कसं जायचं?"

"मग मी नेते."

"नको. काम माझं आहे. मीच सांगतो."

जाई त्यांच्या मागोमाग आत गेली. बैठकीच्या खोलीत सरांसमोर चौघे बसले होते: मधुमेहाच्या डॉक्टर नायकवडी मॅडम, रक्तवाहिन्यांचे सर्जन, जखम बांधणाऱ्या सिस्टर आणि चाचप्या.

"पादत्राणे दाराबाहेर ठेवावीत," चाचप्या म्हणाला.

"ठेवतो, बाबा. आधी एकदा हात लावून बघा," आप्पा म्हणाले.

मॅडमनी हातमोजा चढवून चप्पल चाचपली. त्यांचा चेहरा बदलला. "चाचप्या, सरांच्या तळव्यावरचा दाब तू मोजलास ना?"

"चौदा वेळा. काचेच्या पाटीवर, अनवाणी. दाब सर्वसाधारण."

"आणि चप्पल घालून?"

"चपला बाहेर असतात," चाचप्या म्हणाला. मग त्याचा हिरवा दिवा दोनदा लुकलुकला. "चपला... बाहेर असतात."

"अहो, एवढी गाठ टोचली असती तर मला कळलं नसतं का?" सर म्हणाले.

"डोळे मिटा, सर," मॅडम म्हणाल्या. "चाचप्या नायलॉनच्या धाग्याने तळव्याला स्पर्श करेल. कळलं की 'खो' म्हणा."

चाचप्याने धागा अंगठ्याखाली टेकवला. मग टाचेला. मग करंगळीखाली.

"अरे, सुरू कर की!" सर म्हणाले.

"तीन वेळा झालं, सर," जाई हळूच म्हणाली.

सरांनी डोळे उघडून स्वतःच्या तळव्याकडे पाहिले.

"जाई, तुझ्या चपलेत खडा गेला तर काय करशील?" मॅडमनी विचारले.

"झटकून टाकेन."

"का?"

"टोचतो म्हणून."

"बरोबर. रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की मज्जातंतू (मेंदूकडे निरोप नेणाऱ्या नसा) बधिर होतात. सरांना टोचतच नाही. म्हणून त्या एका गाठीवर ते रोज हजारो पावलं टाकत राहिले."

"मी पायाकडे जाणारी रक्तवाहिनी मोकळी करीन," सर्जन म्हणाले. "पण गाठ तशीच राहिली तर नुसत्या रक्ताने काय होणार?"

"आणि साखर चढी राहिली तर जंतूंचं फावतं," मॅडम म्हणाल्या.

"मी कितीही छान पट्टी बांधली तरी पायावर भार पडला की संपलं," सिस्टरनी भर घातली.

"म्हणजे एकट्याचं काम नाहीच हे," जाई म्हणाली.

"नाहीच. म्हणून तर पथक असतं. आमच्या पथकात एक जण कमी होता." मॅडमनी आप्पांसाठी खुर्ची ओढली. "बसा, व्हटकर."

आप्पा बसले. त्या खुर्चीत बसलेले आप्पा जाईला एकदम उंच वाटले.

तपासणीत हाड अजून शाबूत दिसत होते. निर्णय सहा आठवडे पुढे गेला. सर्जननी रक्तवाहिनी मोकळी केली, मॅडमनी औषधे बदलली, सिस्टर रोज जखम पाहू लागल्या. तळव्यावरचा भार उचलून धरणारा उंच बूट आप्पांनी सरांच्या मापाने बसवला. सर कुरकुरले, "सहा आठवडे मैदान बंद?"

"शिट्टी खुर्चीत बसूनही वाजते, सर," आप्पा म्हणाले.

पाचव्या आठवड्यात जखम भरली. मग चाचप्याने काढलेला दाबाचा नकाशा (कुठे किती भार पडतो ते दाखवणारे चित्र) समोर ठेवून आप्पांनी नवी पादत्राणे शिवली: नाजूक जागेखाली खोलगट, आत मऊ, आणि टाके सगळे बाहेरच्या अंगाला. सर रोज त्यांत हात घालून पाहू लागले आणि रात्री आरशात तळवा. वर्ष झाले, जखम तिसऱ्यांदा उघडली नाही. सरांची दहाच्या दहा बोटे जागेवर आहेत.

आता जिल्ह्यातल्या केंद्रांचे यंत्रमानव मिरजेला शिकायला येतात. काल अकरा जण रांगेत बसले होते, प्रत्येकाच्या हातात एकेक चप्पल.

"कॅमेरा नको रे," आप्पा दटावत होते. "आधी बोटं!"

जतहून आलेला यंत्रमानव अडखळला. "टणक वस्तू आढळली. उंची दोन मिलिमीटर. पुढे काय करावे?"

"विचारतोस काय? ऊठ, डॉक्टरांना दाखव," आप्पा म्हणाले. "आणि चप्पल हातात घेऊन जा. लाजू नकोस."