एका गोळीची काजळी

सकाळपासून तात्यांनी नळीतून एकोणसाठ चिंध्या काढल्या होत्या, आणि एकोणसाठावीवरचा ठिपकाही पहिल्याइतकाच काळा होता.

तात्या बंदुका दुरुस्त करायचे. माणूस तापट, पण हात शांत. त्यांची पद्धत ठरलेली होती. रायफल टेबलाच्या पकडीत बसवायची, बोल्ट काढून ठेवायचा, गज मागून घालायचा, चिंधी तोंडाकडून बाहेर काढायची आणि वर्तमानपत्रावर क्रमानं मांडायची. काळा, करडा, पिवळट, पांढरा असा रंग उतरत गेला की काम फत्ते. आज सहा ओळी भरत आल्या होत्या आणि रंग तसूभर उतरला नव्हता. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

उद्या सकाळी आठला मुलीची नेमबाजीची संघनिवड होती. क्लबच्या सामायिक रायफलीवर ती दोन वर्षं थोडक्यात हुकली, म्हणून तात्यांनी ही रायफल एका वारलेल्या वनरक्षकाच्या बायकोकडून आणली होती. नळी अशी मळकी राहिली तर नेम फिरणार, म्हणजे हेही वर्ष गेलं. शेवटी वैतागून त्यांनी त्या बाईंना फोन लावला.

"वहिनी, ही कधी साफ तरी केली होती का हो?"

"रोज. रोज सकाळी घेऊन बसायचे."

"आणि चालवायचे किती?"

"एकदाच. अकरा वर्षं झाली."

"एकदाच? कशावर?"

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज झाला. "ते नाही सांगितलं त्यांनी," बाई म्हणाल्या. "तुम्ही नका हो मागे लागू तिच्या."

तात्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. एका गोळीची काजळी ती केवढी? चिमूटभरही नाही! त्यांनी नळीत द्रावण ओतलं, अर्धा तास मुरू दिलं, पितळी ब्रश वीस वेळा फिरवला. साठावी चिंधी आली. काळी. त्यांनी ती नाकाशी नेली. अकरा वर्षांपूर्वीच्या काजळीला जळक्या दारूचा वास येत होता, आत्ताच बार काढल्यासारखा ताजा.

त्यांनी नळीवर हात ठेवला. कोमट होती. उन्हानं तापली असेल, असं त्यांनी स्वतःला बजावलं. खिडकीतलं ऊन केव्हाच सरकलं होतं.

पाच वाजता मुलगी सरावावरून आली. तात्यांचा जेवणाचा डबा तसाच पडलेला बघून तिनं कपाळाला हात लावला.

"तात्या, राहू द्या आता. मी अशीच मारते."

"अशीच? म्हणजे उद्या लोक म्हणणार, बाप कारागीर आणि पोरीची नळी काळी!"

आता एकच उपाय उरला होता, जुन्या कारागिरांचा. मागून फुंकर घालायची. श्वासाच्या ओलाव्यानं काजळी सैल होते. पण दिवसभर गज मारून तात्यांचा दम संपला होता.

"तुझी छाती दमदार. घाल बघू चार फुंकरा."

तिनं वाकून नळीच्या मागच्या टोकाला ओठ लावले. एक. दोन. तिसऱ्या फुंकरीला ती झटकन मागे झाली आणि ओठ पुसू लागली.

"काय गं?"

"काही नाही. आतून कुणी ओढल्यासारखं झालं."

"नळी आहे ती. हवा ये-जा करणारच," तात्या करवादले आणि त्यांनी एकसष्टावी चिंधी घातली.

पांढरी.

आणखी एक घातली. पांढरीशुभ्र.

त्यांनी नळी उजेडाकडे धरली. आतले पीळदार चर आरशासारखे चकाकत होते. नळीही थंडगार झाली होती. तात्यांना इतका आनंद झाला की दिवसभराचा राग कुठल्या कुठे गेला.

"बघ! चाळीस वर्षं काय उगाच घासली?"

मुलगी हसली. हसता हसता तिला ठसका लागला. तिनं रुमाल तोंडाशी धरला, मग त्याच्याकडे पाहिलं आणि घाईनं घडी केली.

"बघू," तात्या म्हणाले.

"काही नाही हो. धूळ असेल."

त्यांनी रुमाल ओढून घेतला. मधोमध गोल काळा ठिपका होता. जळक्या दारूचा वास येत होता, अगदी ताजा.

त्यांनी रुमालाची कोरी बाजू तिच्या तोंडाशी धरली. "अजून एकदा खोक, बाळा."

ती खोकली.

"अजून एकदा."

ती खोकत राहिली आणि ते रुमाल फिरवत राहिले. जरा वेळानं रुमालावर कोरी जागा उरली नाही.