नाण्यावरची आई

मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर माप पाठवतात, मी प्लॅस्टरचा साचा ओतते, मेणात एकेक दात बसवते, आणि शेवटी कुणाचं तरी बोळकं तोंड पुन्हा चावायला लागतं. हे आधीच सांगते, म्हणजे नंतर कुणी मला ‘भास झाला असेल हो’ असलं काही ऐकवू नये. एक दात केसभर उंच झाला तरी माणूस जेवताना माझ्या नावाने शिव्या घालतो. माझ्या डोळ्यांना आणि बोटांना चुकणं परवडत नाही.

लॅब म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. बाबांनी सुरू केलेली. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर कवळीचे दात घासायचं बारीक फिरतं हत्यार, वजनकाटा, दिवा, आणि जिथे हात लावाल तिथे प्लॅस्टरची भुकटी. दिवसाचं काम उरकलं की बाबा त्याच हत्याराने चांदीची जुनी नाणी कोरायचे. नाण्यावर कुठल्याशा जुन्या राजाचं डोकं, एका बाजूने दिसणारं, दाढीमिशांसकट. बाबा दाढी खरवडून काढायचे, नाक बारीक करायचे, आणि राजाचा कधी खलाशी व्हायचा, कधी माकड, कधी बिल बुडवणारा डॉक्टर.

मला कोरता येतं, पण माझं वेड जमवण्याचं. कुणी कोरलंय हेही माहीत नसलेली नाणी मी कुठून कुठून आणली आहेत. घुबड झालेला राजा आहे, टोपीवाली नर्स झालेला आहे. सगळी एका ड्रॉवरमध्ये, मखमलीच्या खाचांत बसवलेली. कोरणारे सगळे एक रिवाज पाळतात: राजाचा कान जसाच्या तसा ठेवायचा. बाकी चेहऱ्याचं काहीही करा, कानाला हात लावायचा नाही. कानावरून कळतं, की खाली अस्सल नाणं आहे, ओतून केलेली नक्कल नाही.

त्या ड्रॉवरमध्ये आई होती.

आई कॅमेरा दिसला की पळायची. लग्नाच्या फोटोतसुद्धा बाईसाहेबांनी नेमकी मान फिरवली, चेहऱ्याच्या जागी धूसर फराटा. मग बाबांनी ती खिडकीत पेपर वाचत असताना चोरून बघून बघून तिला नाण्यावर कोरलं. वरचा ओठ किंचित पुढे, हसू दाबल्यासारखा. काम संपत आलं तेव्हा तिने बघितलं आणि म्हणाली, “कान मेला राजाचाच ठेवलात होय! तरीच मला तुमचं काही ऐकू येत नाही.” बाबा इतके हसले, की हत्यार घसरलं आणि कानामागे ओरखडा उठला. तो त्यांनी तसाच ठेवला.

दोघंही गेले. आईचा चेहरा म्हणून या जगात तेवढी एकच वस्तू उरली होती.

एका रविवारी सकाळी मी ड्रॉवर उघडला, तर आईच्या खाचेत राजा. दाढी, मिशा, जाड मान, सगळं ठसठशीत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरात माणसं दोन, मी आणि धाकटा. धाकटा म्हणजे माझा भाऊ. तयार कवळ्या स्कूटरवरून दवाखान्यांत पोचवतो आणि उरलेला वेळ माझं डोकं खातो.

“आईचं नाणं कुठंय?” मी विचारलं.

“ड्रॉवरमध्ये.”

“ड्रॉवरमध्ये राजा आहे.”

तो टॉवेल खांद्यावर टाकून आला, नाणं उचललं, उजेडात धरलं. “हे काय, हीच तर आहे.”

“धाकट्या, थट्टेला जागा असते. कुणाला दिलंस? त्या भिंगवाल्यांना? केव्हाचे मागतायत ते.”

“ताई, सकाळी सकाळी काय गं?”

“आई विकून आलास आणि वर मलाच विचारतोस?”

त्याचा चेहरा पडला. त्याने नाणं खाचेत नीट बसवलं आणि चहा अर्धा टाकून तो निघून गेला. मला वाटलं, चोराचा साळसूद आव बघा!

पुरावा माझ्या टेबलावरच होता. कोरलेलं नाणं हलकं असतं, कारण चांदी खरवडली जाते आणि खरवडलेली चांदी परत येत नाही. वरून भर घातलीच, तर सांधा दिसतो. मी एक न कोरलेलं नाणं काट्यावर ठेवलं, मग हे ठेवलं. दोन्हींचं वजन सारखं भरलं, की धाकट्याला दाखवते, असं मनाशी म्हणत होते. काटा थांबला. हे हलकं होतं. आईचं नाणं जेवढं हलकं, नेमकं तेवढंच.

मी भिंग लावलं. सांधा नव्हता. कानामागे बाबांचा ओरखडा होता.

आता तुम्हीच सांगा, माणसाने करायचं काय? मी भिंगवाल्यांना बोलावून घेतलं. हे गृहस्थ माझ्यासारखेच नाण्यांच्या नादी लागलेले, गळ्यात कायम भिंग, आणि आईच्या नाण्यावर वर्षानुवर्षं डोळा. दहादा मागितलं होतं त्यांनी माझ्याकडे. ते नाणं त्यांना आतून बाहेरून पाठ होतं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ मान वर केली नाही.

“काय हात होता तुमच्या वडिलांचा! वहिनी अगदी समोर बसल्यात.”

“वहिनी? दाढी दिसत नाही तुम्हाला?”

“दिसते की. केस न् केस सुटा काढलाय. वहिनींची दाढी म्हणजे…” त्यांनी भिंग खाली केलं. त्यांचे डोळे भरून आले होते. “जाऊ दे. रडवाल मला.”

मी त्यांना चहाही विचारला नाही. दार उघडून उभी राहिले. धाकट्याने आणि यांनी संगनमत केलंय, मला वेडी ठरवून नाणं घशात घालायचंय, दुसरं काय! अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

मावशी खोटं बोलणार नाही, अशी माझी खात्री होती. आईची सख्खी धाकटी बहीण. तिचं घर चार गल्ल्या पलीकडे. मी नाणं रुमालात बांधून नेलं आणि तिच्या हातावर ठेवलं. तिने चष्मा पुसला, बघितलं, आणि नाणं गालाला लावलं.

“मावशी, मला एकच सांग. आईला दाढी होती?”

“हे काय विचारणं झालं?” मावशी हसली. “लहान होते ना, तिच्या कुशीत झोपायचे, तर गालाला टोचायची. मी रडायचे. मग ती मान उलटीकडे वळवून झोपायची बिचारी, माझ्यासाठी.”

गालावर तीळ होता असं सांगावं, तसं सांगितलं तिने. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, ती गॅस बंद करायला उठली. जाताना म्हणाली, “जेवूनच जा.” मी नाणं उचललं आणि निघाले. निम्म्या वाटेवर कळलं, चपला तिथेच राहिल्यात.

ठीक आहे, म्हटलं. तुम्ही सगळे एका बाजूला, मी एका बाजूला. माझी आई मला ठाऊक आहे. मी तिला परत कोरीन.

टेबल पुसलं. खाली काळा कागद पसरला, नाणं हलू नये म्हणून लाखेत बसवलं आणि डोळे मिटून आईला समोर आणलं. वरचा ओठ आला. दाबलेलं हसू आलं. मग त्या ओठावर मिशी आली.

मी डोळे उघडले. पुन्हा मिटले. मान आली, तीही जाड, राजाची. आजारपणात जी मान मी माझ्या हाताने पुसायचे, ती मला आठवेना. मला रडू आलं आणि त्या रडण्याचाही राग आला. कुणाच्या बापाची ही हिंमत, की माझ्या डोक्यात शिरून आईला पुसून टाकावं?

तेव्हा मला आरसा सुचला. मी हुबेहूब आईवर गेले आहे. शेजारीपाजारी, दवाखान्यातल्या बायका, सगळे तेच म्हणत आले आहेत. मी न्हाणीघरातला आरसा काढून आणला, दिव्याला टेकवून तिरका उभा केला आणि एका बाजूने स्वतःला बघत कोरायला बसले. आरशात माझी हनुवटी होती, गुळगुळीत. तशीच नाण्यावर उतरवायची.

दाढी गेली. काळ्या कागदावर चांदीची भुकटी जमली. दुपार कलेपर्यंत हनुवटीचा गोल आला, ओठ मोकळे झाले. अजून आई नव्हती, पण बाई होती. मी उठून दोन घास खाल्ले.

परत आले तर राजा.

भुकटी कागदावर तशीच होती. वजन केलं. भुकटीइतकं कमी झालेलं.

पुन्हा खरवडलं. या वेळी उठले नाही, नजर हलवली नाही. डोळ्यांत भुकटी गेली म्हणून एकदा पापणी मिटली, तेवढीच.

राजा.

भुकटीचा ढीग वाढत गेला. नाणं इतकं पातळ झालं, की बोटाखाली लवायला लागलं. त्यावरची दाढी मात्र केसभरही झिजली नव्हती.

मी हत्यार बंद केलं.

दार ढकलून धाकटा आत आला. दोन कप चहा. एक माझ्यापुढे ठेवला. सकाळचं सगळं गिळून आला होता बिचारा. त्याने ढीग बघितला, नाणं बघितलं, मग माझ्याकडे बघत उभा राहिला.

“ताई, कशाला जीव काढतेस? आई बघायची तर तुझ्याकडे बघावं. अगदी तीच आहेस तू.”

इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं सुटलं. मी त्याचा हात धरला. सॉरी म्हणायला माझी जीभ लवकर वळत नाही, ते त्याला माहीत आहे. त्याने माझ्या डोक्यावर टपली मारली.

“चल, मी येतो जाऊन. डॉक्टरांकडे एक कवळी द्यायचीय,” तो म्हणाला. दारातून वळला. “आणि हो, तुझं ब्लेड पार बोथट झालं होतं. नवीन घालून ठेवलंय बघ बेसिनवर.”

“कसलं ब्लेड?”

स्कूटर सुरू झाली होती.

मी न्हाणीघरात गेले. आरशाच्या जागी भिंतीवर नुसता खिळा. बेसिनवर माझा दातांचा ब्रश, कंगवा, आणि त्यांच्या शेजारी नवं ब्लेड घातलेला रेझर आणि दाढीचा ब्रश, फेसाने अजून ओला.

बेसिनच्या पांढऱ्या कडेला बारीक, आखूड केस चिकटले होते. करडे. धाकट्याचे केस काळेभोर आहेत.

मी नळ सोडला. सगळे वाहून जाईपर्यंत तिथेच उभी राहिले. हनुवटीला मी अजून हात लावलेला नाही.